दुधी धरतो, पिवळा पडतो, गळतो: चौदाव्या मजल्यावरच्या वेलाचं नेमकं काय चुकतं?

आत्याचं निदान एका वाक्याचं होतं. “कोणीतरी बोट दाखवलंय.” कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवू नये, दाखवायचंच तर वाकडं करून दाखवावं, हे ती आजही पाळते. तिला बोलायला काय जातं म्हणा. ठाण्याच्या चरईत तळमजल्याचं जुनं घर, मागे मोरीच्या पत्र्यावर दुधीचा वेल दरवर्षी आपोआप चढतो आणि श्रावणात ती आळीभर दुधी वाटत फिरते.

मी राहते घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, चौदाव्या मजल्यावर. माझ्याकडे सलग तीन पावसाळे एकच खेळ चालला. वेल दणदणीत, पानं ताटलीएवढी, कबुतरांच्या जाळीवर वरपर्यंत चढलेला. मग एक दिवस फुलाखाली करंगळीएवढा लवदार दुधी दिसायचा, घरात फोटोबिटो व्हायचे, आणि चौथ्या दिवशी तो टोकाकडून पिवळा पडून सुरकुतायचा. हात लावला की हातात. पहिल्या वर्षी असे बावीस गेले. बाजारात दुधी किलोने मिळतो हे मला ठाऊक आहे. पण ऋषीपंचमीच्या भाजीत निदान एक भाजी घरची असावी एवढाच माझा हट्ट होता, आणि बावीसमधला एकही त्या पातेल्यापर्यंत पोचला नाही.

त्या तीन वर्षांत काय काय घातलं ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बोनमील, एप्सम सॉल्ट, आंबट ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, अंड्यांची टरफलं, आणि एका नर्सरीवाल्याने दिलेली “फूल थांबवायची” बाटली. फूल थांबलं नाही. वेल मात्र आणखी माजला, कारण तो उपाशी नव्हताच.

आधी गळलेला दुधी कापा

खताच्या डब्याला हात लावण्याआधी सुरी घ्या. गळलेलं फळ उभं चिरा आणि ते कधी गळलं हे आठवा. नव्वद टक्के उत्तर इथेच मिळतं.

फूल उमलायच्या आधीच कळी पिवळी पडून गेली असेल, तर तो वेलाचाच निर्णय. त्याला ते मूल पोसायचं नाही. ऊन कमी, कुंडी लहान, मुळाशी पाणी साचलेलं, किंवा वेलावर आधीच एक दुधी भराभर वाढतोय, यांपैकी काहीतरी आहे.

फूल उमललं, मिटलं, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत दुधी टोकाकडून पिवळा पडला, पण कापल्यावर आत स्वच्छ, ना भोक ना अळी? मग परागीभवन झालेलंच नाही. माझे बावीसच्या बावीस या जातीचे होते.

आणि सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, त्यातून डिंकाचा थेंब, फळ एका बाजूला वाकडं, कापल्यावर आत पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या? ती फळमाशी. तिच्याकडे नंतर येते.

तिन्ही प्रकारांना आपण सरसकट “दुधी गळतो” म्हणतो आणि तिन्हींवर एकच बाटली ओततो, तिथेच सगळं फसतं.

हाताने केलं, तरी का गळले?

परागीभवन होत नाही हे मला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. नर फूल लांब बारीक देठावर येतं, मादी फुलाच्या बुडाशी इवलासा दुधी असतो, नराचं फूल तोडून मादीवर फिरवायचं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मीही करत होते. सकाळी सहाला दूध तापत ठेवायचं, चहाचा कप घेऊन बाल्कनीत जायचं आणि हे शुभकार्य उरकायचं. “परागीभवन सकाळी करा” असं जिथे-तिथे ऐकलं होतं. तरी गळतच होते, आणि मी हाताला दोष देत होते.

उलगडा झाला तो लाइट गेल्यामुळे. जुलैतली संध्याकाळ, पाऊस नुकता थांबलेला, घरात अंधार म्हणून बाल्कनीत येऊन बसले. पावणेसात असतील. समोर दुधीची एक टपोरी कळी, दुमडून ठेवलेल्या मलमलीच्या रुमालासारखी. बघता बघता तिची एक पाकळी सुटली, मग दुसरी. सव्वासातपर्यंत पूर्ण पांढरं फूल उघडलं. शेजारचं नर फूलही तेव्हाच उघडलं, आणि त्याच्या मधल्या पिवळ्या दांड्याला बोट लावलं तर बोटाच्या टोकाला हळदीसारखी पूड. सकाळी मी ज्यांना फूल समजून हाताळत होते, ती रात्रभर जागून दमलेली, कडा वळलेली, संपलेली फुलं होती.

दुधी रात्रीचा आहे. त्याचं फूल पांढरं असतं ते अंधारात पतंगांना दिसावं म्हणून. आत्याच्या मागच्या अंगणात दोन पेरूची झाडं, एक जुनी विहीर, भरपूर काळोख. तिथे संध्याकाळी पतंग येतात आणि तिच्या नकळत काम करून जातात. चौदाव्या मजल्यावर, पाच कुंड्यांसाठी, कोण पतंग चढून येणार?

म्हणजे गोम वेळेची आहे, आणि वेळ प्रत्येक वेलाची वेगळी. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळं ही पिवळ्या फुलांची मंडळी सकाळची. भोपळ्याचं फूल तर पहाटे उघडतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. आठचा अलार्म लावून उठणाऱ्याला भोपळा मिळत नाही. दुधी आणि पडवळ संध्याकाळचे. पडवळाचं ते पांढरं झालरीचं फूल दिवेलागणीनंतर सुटतं, एकदा मुद्दाम खुर्ची टाकून बघा. शिराळं मात्र फसवतं. फूल पिवळं, त्यामुळे सकाळचं वाटतं, पण ते उघडतं संध्याकाळी. शिराळी आणि घोसाळी ही अगदी सख्खी भावंडं, एक दिवसपाळीला, दुसरं रातपाळीला.

म्हणूनच पुष्कळांची तक्रार असते की “आमच्याकडे कारली लागतात, काकडी लागते, फक्त दुधीच गळतो, बी खराब असेल.” बी खराब नसतं. सकाळच्या फुलांना मधमाश्या मिळतात. उंच इमारतींच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लटकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि लहानगी फुलोरी माशी तर कुठल्याही मजल्यावर कारल्याच्या फुलात सापडते. कबुतरांच्या जाळीतून मधमाशी सहज आत येते. डासांच्या जाळीतून आणि चारी बाजूंनी गच्च लावलेल्या हिरव्या शेडनेटमधून मात्र येत नाही. तशी नेट असेल तर सकाळी तरी एक बाजू उघडी टाका. (आमच्या विंगवरचं मोहोळ गेल्या वर्षी औषध मारून पाडलं. त्यानंतर माझी काकडीही हातानेच करावी लागली. मीटिंगमध्ये बोलले, इतिवृत्तात आलं नाही.)

संध्याकाळचं काम, माझ्या पद्धतीने

चारच्या सुमारास वेलावर नजर टाकायची. आज उमलणारी कळी फुगलेली असते आणि टोकाशी हिरवटपणा जाऊन पांढरी होते. अशी मादी कळी दिसली की डोक्यात नोंद. सातच्या आसपास जायचं. त्याच संध्याकाळी उघडलेलं नर फूल देठासकट तोडायचं, कालचं नाही. पाकळ्या मागे दुमडायच्या किंवा काढूनच टाकायच्या. मधला दांडा आधी स्वतःच्या नखावर टेकवून बघायचा. पिवळी पूड लागली तर ठीक. नखावर नुसता ओलावा आला तर ते फूल टाकून दुसरं घ्यायचं.

मादी फुलाच्या मध्यभागी जाडसर, मखमली, तीन भागांचा गुच्छ असतो. इथे घाई नको. तिन्ही भागांवर पूड लागली पाहिजे, घासायचं नाही, गालाला पावडर लावताना टेकवतो तसं टेकवत फिरायचं. एकाच बाजूला लागली तर दुधी धरतो, पण त्याच बाजूने भरतो आणि वाकडा होतो. एका नर फुलात दोन माद्या आरामात होतात. मग देठाला सैल लाल दोरा बांधायचा. दोरा शास्त्रासाठी नव्हे, आपल्या विसराळूपणासाठी. तिसऱ्या दिवशी कुठला हाताने केलेला आणि कुठला राहिलेला हे कळतं, आणि गळला तर कारण शोधताना उपयोग होतो.

धरलेला दुधी ओळखू येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठ जाड होतो, फळ खाली मान घालतं आणि रंग पोपटी, तुकतुकीत राहतो. न धरलेला तसाच ताठ राहून टोकाला फिकट होतो. धरल्यापासून बारा-पंधरा दिवसांत काढायला येतो. नख सहज रुतलं पाहिजे. मोठा होऊ दे म्हणून ठेवलात तर आत बी कडक होतं आणि वेल नवी फळं थांबवतो.

पाऊस ही आपली खास अडचण. घोडबंदरला जुलैत तो सरळ पडतच नाही, आडवा येतो. परागकण भिजले की फुकट. ढग दाटलेले दिसले तर फुगलेली नर कळी पाचलाच तोडून घरात पेल्यातल्या पाण्यात ठेवते, ती तिथेही वेळेवर उघडते. मादीला पूड लावून झाली की तिच्या पाकळ्या वर गोळा करून दोऱ्याने हलकेच बांधते आणि वर कागदाची पुडी, शेंगदाणेवाल्याची असते तशी. सकाळी पुडी काढायची.

नर-मादीची वेळ जुळत नाही ही पुढची तक्रार. सुरुवातीचे आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात, तो दोष नाही, तशीच त्यांची रीत आहे. पण नंतरही एकाच वेलावर आज मादी आणि नर परवा असं होतं. म्हणून दुधीचे दोन वेल लावा. आमच्या मजल्यावरच्या काकांनी नर दुधी मिळेना म्हणून शिराळ्याचं फूल फिरवून पाहिलं. बिचारे आठवडाभर वाट पाहत होते. दुधीला दुधीच लागतो.

मादी फुलं वाढवायची असतील तर शेंडा खुडा. मुख्य वेलावर बहुतेक नर, मादी जास्त येते ती फांदीच्या फांदीवर. मुख्य वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा मारायचा, बाजूच्या फांद्या दहा-बारा पानांच्या झाल्या की त्यांचाही. हल्ली याला थ्रीजी कटिंग म्हणतात. आत्या नुसतंच “खुडणं” म्हणते आणि तिचा दुधी मोबाइलच्या आधीपासून लागतोय.

कळीच गळत असेल तर

इथे बहुधा ऊन दोषी, आणि ठाण्यात त्यात एक मेख आहे. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो तो, मेच्या मध्यावर येतो आणि परत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे, जानेवारीत ज्यांच्या सोफ्यापर्यंत ऊन येतं, त्यांच्या कठड्यावर जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. त्यावर पावसाळी ढग. अक्षय्य तृतीयेला आळं करून बी टोचायची पद्धत अंगणाची आहे, अंगणाला वरून ऊन मिळतं. दक्षिणेच्या बाल्कनीवाल्यांनी दुधीचा हट्ट पावसाळ्यात करू नये. गणपती झाले की लावा, ऊन तुमच्याकडे परत येत असतं. पूर्व-पश्चिमवाल्यांना पावसाळी वेल जमतो, रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर. माझी बाल्कनी पूर्वेची आहे.

मग कुंडी. बारा इंची कुंडीत दुधी उगवतो, चढतो, फुलतो आणि फळाच्या वेळी हात वर करतो. अठरा ते वीस इंची ग्रो बॅग किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या, एकात एकच वेल. ओली झाल्यावर अशी बॅग फार जड होते, ती कठड्यावर नाही, भिंतीलगत जमिनीवर ठेवायची. मिश्रणात लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट पुरतं. पावसाळ्यात कोकोपीट हात राखून, ते पाणी धरून बसतं. मूठभर निंबोळी पेंड. पानं काळीभोर हिरवी, मोठाली आणि फूल नाही, असं असेल तर नत्र जास्त झालंय, पंधरा दिवस काही घालू नका.

आणि एका बॅगेतल्या वेलाकडून एकावेळी दोन, फार तर तीन दुधी. पहिला मोठा होत असताना पुढच्या कळ्या गळल्या तर घाबरू नका. पहिला काढला की पुन्हा धरतात.

फळमाशी

ही मात्र मजले मोजत नाही. लग्नात न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासारखी बरोबर पंगतीच्या वेळी हजर. कोवळ्या फळात अंडी घालते, अळी आत वाढते, फळ सडून पडलं की अळी मातीत शिरून कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच कुंडीतून निघते. म्हणून किडलेलं फळ कंपोस्टच्या डब्यात टाकायचं नाही. जाड पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. कुंडीची वरची दोन इंच माती अधूनमधून उकरून उलटी करा.

सापळा घेताना सगळ्यात जास्त चूक होते. आंब्यासाठीचा सापळा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा “रक्षक” कोकणात घरोघरी माहीत आहे, त्यात मिथाइल युजेनॉलचं आमिष असतं. त्याने आंब्यावरची माशी येते. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर नावाचं आमिष लागतं. दुकानात “फळमाशीचा सापळा द्या” म्हणाल तर आंब्याचा हातात पडण्याची शक्यता जास्त. “काकडी-कारल्याचा” असं सांगून, वर लिहिलेलं वाचून घ्या. एक लक्षात ठेवा, सापळ्यात नरच अडकतात, त्यामुळे अंडी घालणारी मादी मोकळीच असते. खात्रीचा उपाय म्हणजे पिशवी. दुधी धरला हे कळल्या दिवशीच त्याला जुन्या सुती ओढणीची सैल पिशवी शिवून घालायची, तोंड देठाशी बांधायचं. प्लास्टिकची नको, आत घाम धरतो. दुधी मोठा होऊन साल जरा टणक झाली की पिशवी काढा.

निंबोळी तेल मारायचं तर फुलाची वेळ टाळून: काकडी-कारल्यावर संध्याकाळी, दुधी-पडवळावर पहाटे, ऊन यायच्या आत. मी दोन वर्षं दुधीवर नेमाने सायंकाळी फवारत होते, म्हणजे नेमकी फुलं उघडताना.

बियाण्याचं थोडक्यात. पडवळाला दापोलीचं “कोकण श्वेता”, शिराळ्याला “कोकण हरिता”, आणि दुधीला राहुरीचं “सम्राट”. नाहीतर आत्याकडचं घरचं, वाळवून राखेत ठेवलेलं. ज्यांना काकडीची लग्नं लावायचा कंटाळा आहे त्यांनी परागीभवन न लागणारी, पार्थेनोकार्पिक काकडी लावावी. बी महाग, पण चालते. घरचा दुधी चिरला की एक फोड जिभेला लावून बघायची. कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खा टाकून द्यायचा. शिजवून कडूपणा जात नाही, आणि त्याचा रस पिऊन लोक गंभीर आजारी पडले आहेत. मेहनतीचा म्हणून खायचा नाही.

यंदाचा हिशोब असा: दोन दुधी, एक पडवळ, एक शिराळं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून अकरा लाल दोरे बांधले. सात धरले. दोन पावसात गेले, एक माझ्या हातून पिशवी घालताना देठाला मुरगळला, आणि एक का गेला ते कापूनही कळलं नाही. पडवळ दोन हात लांब झालंय, सरळ राहावं म्हणून टोकाला दगड बांधलाय आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी रोज विचारतात की हे आमच्या खिडकीपर्यंत येणार का. आत्या रविवारी बघायला आली होती. सात दुधी बघितले, कौतुक केलं, आणि प्रत्येकाकडे वाकडं बोट करूनच दाखवलं.